दिसते, पण घालवत नाही

चष्म्याच्या व्यवसायात ज्याने हयात काढली, त्याच्याकडे येणाऱ्या माणसांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातला माणूस ‘दिसत नाही’ अशी तक्रार घेऊन येतो, आणि त्याच्यासाठी वैद्यकशास्त्राने, सरकारने व धर्मादाय संस्थांनी थोडीबहुत तजवीज करून ठेवलेली असते. दुसऱ्या वर्गातला माणूस सदऱ्याच्या खिशातून किंवा पिशवीच्या तळातून एक बऱ्यापैकी नवा चष्मा काढतो, तो माझ्या टेबलावर ठेवतो, आणि आपलेच काही चुकले असावे अशा संकोचाने म्हणतो, ‘दिसते जी, पण घालवत नाही.’ कोणी सांगतो की जमीन वर आल्यासारखी वाटते. कोणाचे डोके दुपारपर्यंत जड होते. कोणाच्या नाकावर दोन्ही बाजूंना लाल व्रण उमटलेले असतात, तर कोणाचा चष्मा खाली वाकताच घसरतो. अशा माणसाला घरचे लोक नखरेल समजतात, दुकानदार ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवतो, आणि तो माणूस काही दिवसांनी चष्मा खुंटीला लावून अर्धवट दृष्टीने पुढचे आयुष्य कंठू लागतो. या दुसऱ्या वर्गाची कैफियत मांडण्यासाठीच मी आज लेखणी हाती घेतली आहे. कारण माझ्या अनुभवाने माझी अशी ठाम धारणा झाली आहे की अंगवळणी न पडणारा चष्मा हा बहुतेक वेळा माणसाच्या हट्टाचा नसून मोजमापातील हयगयीचा पुरावा असतो.

चष्म्याचा इतिहासही हेच सांगतो. भिंगाचे चष्मे तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत प्रथम तयार झाले. आपल्या देशातील चष्म्याच्या पूर्वेतिहासाचा साक्षेपी धांडोळा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला, आणि विजयनगरचे माध्व आचार्य व्यासतीर्थ हे इ. स. १५२० च्या सुमारास चष्म्याच्या साहाय्याने ग्रंथवाचन करीत असल्याचा उल्लेख सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या चरित्रग्रंथातून विद्वानांच्या निदर्शनास आणून दिला. तथापि त्या काळचे चष्मे म्हणजे दोन भिंगे एकत्र जोडून नाकावर चिमटीत बसवलेली किंवा हाताने धरलेली असत. कानांवर टेकणाऱ्या काड्या येण्यास अठरावे शतक उजाडावे लागले. म्हणजे काच घासण्याची विद्या हाती आल्यानंतर ती काच डोळ्यांसमोर स्थिर कशी ठेवावी, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाला उत्तर मिळण्यास मनुष्यजातीला चार शतकांहून अधिक काळ लागला. पुढे एकोणिसाव्या शतकात नंबर काढण्याच्या शास्त्राने मोठी झेप घेतली: एअरी या ज्योतिर्विदाने स्वतःच्या डोळ्यातील दोषासाठी दंडगोल काचेची योजना केली, स्नेलेनने १८६२ साली अक्षरांचा तक्ता सिद्ध केला, डोंडर्सने १८६४ मध्ये नेत्राच्या समायोजनशक्तीवरील आपला प्रमाणभूत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि मोनोयेने १८७२ साली डायॉप्टर हे परिमाण सुचवले. या प्रगतीमुळे नंबर काढणे ही विद्या ठरली, तर चष्मा बसवणे ही केवळ कारागिरी मानली गेली. हा उच्चनीचभाव आजही आमच्या व्यवसायात टिकून आहे, आणि दुसऱ्या वर्गातल्या माणसाच्या दुःखाचे मूळ मला त्यातच दिसते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेला नंबर आणि नाकावर बसलेला चष्मा यांतील अंतर आपल्या शेतकरी बांधवांना एका दाखल्याने चटकन उमगेल. सातबाऱ्यावर क्षेत्र लिहिलेले असते, ते अगदी बरोबरही असते. परंतु मोजणीदाराने प्रत्यक्ष शेतात येऊन हद्दीच्या खुणा कायम केल्याखेरीज त्या आकड्याचा बांधावर काही उपयोग होत नाही. चिठ्ठीवरचा नंबर काचेची शक्ती सांगतो. ती काच डोळ्याच्या नेमकी कोणत्या बिंदूसमोर, किती अंतरावर, किती कलती आणि कोणत्या कामासाठी असावी, हे चेहऱ्यावर पट्टी लावून आणि माणसाला चार प्रश्न विचारूनच ठरवावे लागते.

यातले पहिले माप दोन बाहुल्यांमधील अंतराचे. व्यवसायात त्याला पीडी म्हणतात. प्रौढ माणसांत ते साधारणतः ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान आढळते, आणि नाक चेहऱ्याच्या नेमके मध्यभागी असतेच असे नसल्यामुळे डाव्या व उजव्या डोळ्याचे माप वेगवेगळे घेणे इष्ट असते. प्रत्येक भिंगाचा एक प्रकाशीय मध्य असतो. तेथून पाहिले तर किरण सरळ जातो, आणि त्या मध्यापासून दृष्टी जितकी ढळेल तितके भिंग लोलकासारखे वागून प्रतिमेला बाजूला ढकलते. हे ढकलणे किती, याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमण्यासारखा आहे: नंबराला मध्य चुकल्याच्या सेंटिमीटरांनी गुणावे. उणे सहा नंबरच्या काचेचा मध्य अर्धा सेंटिमीटर चुकला, तर तीन एककांचा लोलक नाहक डोळ्यासमोर येतो, आणि एक मीटर अंतरावरची वस्तू त्या डोळ्याला तीन सेंटिमीटर सरकलेली भासते. मोठ्या फॅशनेबल फ्रेमच्या ठीक मधोमध काचेचे मध्य ठेवून दिले, की ते बाहुल्यांच्या बाहेरच्या बाजूस पडतात. मग उणे नंबरच्या माणसाला दोन वस्तू दिसू नयेत म्हणून आपले डोळे कानांच्या दिशेने ताणून धरावे लागतात. निसर्गाने डोळ्यांना नाकाकडे वळण्याची मुबलक शक्ती दिली आहे, परंतु बाहेर फाकण्याची फारच तुटपुंजी. यास्तव हा ताण संध्याकाळपर्यंत डोकेदुखीच्या रूपाने प्रकट होतो. एका काचेचा मध्य वर आणि दुसरीचा खाली असा दोष तर त्याहूनही असह्य असतो, कारण एक डोळा वर व दुसरा खाली वळवण्याची सोय आपल्या नेत्रस्नायूंत जवळजवळ नाहीच.

दुसरे माप डोळा आणि काच यांच्यामधील अंतराचे. नंबर काढताना तपासणीची फ्रेम डोळ्यापासून सुमारे १२ ते १४ मिलिमीटरवर असते. तयार चष्माही तितक्याच अंतरावर राहील हे गृहीत धरूनच तो नंबर दिलेला असतो. लहान नंबराला याचे सोयरसुतक नसते, पण चारच्या वर नंबर गेला की हे अंतर बोलू लागते. उणे दहाचा चष्मा पाच मिलिमीटर खाली घसरला, तर तो साडेनवाच्या आसपासच काम करतो. म्हणजे नंबर वाढला म्हणून नवी काच करायला आलेल्या माणसाला पुष्कळदा नव्या काचेची नव्हे, तर नाकाच्या पॅडला दिलेल्या एका हलक्या वळणाची गरज असते.

तिसरी गोष्ट सिलिंडरच्या नंबराची. ज्यांच्या बुबुळाचा बाक सर्व दिशांनी सारखा नसतो, त्यांच्या काचेला शक्तीबरोबर दिशाही असते, आणि ती दिशा अंशांत लिहिलेली असते. काच त्या दिशेपासून ३० अंश फिरली, तर मूळ दोषाइतकाच नवा दोष उत्पन्न होतो, आणि तिचा सारा उपकार मातीमोल होतो. फ्रेम एका बाजूने पिळली गेली की काचही तिच्याबरोबर फिरते. आपली फ्रेम पिळली आहे किंवा नाही, हे घरच्या घरी पाहता येते: चष्मा उलटा करून, काड्या उघड्या ठेवून, सपाट टेबलावर ठेवावा, तो डगमगला तर तो दुकानात नेऊन सरळ करून घ्यावा.

आता बैठकीकडे वळू. चष्म्याचा बहुतांश भार नाक वाहते, आणि कानांनी त्याला फक्त धरून ठेवायचे असते. हे कार्यविभाजन बिघडले की सगळेच बिघडते. नाकाचे पॅड आपल्या संपूर्ण सपाटीने त्वचेला टेकले, तर भार विभागला जातो. ते केवळ कडेने टेकले, तर तीच कड दिवसभर कातडीत रुतते. काडीचा बाक कानाच्या माथ्यावर जिथे कान डोक्याला मिळतो, नेमका तिथे सुरू झाला पाहिजे. तो आधी सुरू झाला तर काडी कानाला टोचते, आणि उशिरा सुरू झाला तर चष्मा घसरतो. चष्मा घसरतो म्हणून काड्या डोक्याला आवळून देण्याची एक चाल सर्वत्र रूढ आहे, ती मात्र सर्वथा चुकीची आहे. कारण कानशिलांवर दाबणारी काडी मागून पुढे निमुळत्या होत गेलेल्या डोक्यावरून चष्म्याला पुढेच ढकलते. म्हणून जो चष्मा जितका आवळावा तितका अधिक घसरतो, त्याची फ्रेम त्या चेहऱ्याला अरुंद आहे असे समजावे. काडीच्या आतल्या बाजूस ५२, १८, १४० असे जे आकडे कोरलेले असतात, ते अनुक्रमे काचेची रुंदी, नाकावरच्या पुलाची रुंदी आणि काडीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. एखादी फ्रेम आपल्याला वर्षानुवर्षे सुखाने वापरता आली असेल, तर हे आकडे वहीत टिपून ठेवावेत. पुढच्या खरेदीच्या वेळी रंग आणि छापापेक्षा तेच अधिक उपयोगी पडतात.

परंतु या सर्व मापांइतकेच महत्त्वाचे, आणि सर्वांत अधिक उपेक्षिलेले, असे एक माप चेहऱ्यावर नसते. ते माणसाच्या उपजीविकेत असते. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे दिसेनासे होते, हे सर्वश्रुत आहे. पण जवळ म्हणजे किती जवळ? ४० सेंटिमीटरवर पुस्तक धरणाऱ्याला अडीच डायॉप्टर शक्ती लागते, २५ सेंटिमीटरवर मणी ओवणाऱ्या सोनाराला चार, आणि ६० सेंटिमीटरवरील संगणकाच्या पडद्याकडे पाहणाऱ्या सेतू केंद्रातील कर्मचाऱ्याला पावणेदोनपेक्षाही थोडी कमी. यातला किती वाटा डोळा अजून स्वतः उचलू शकतो, हे वयावर अवलंबून असते, आणि उरलेला वाटा काचेने द्यायचा असतो. जमिनीवर मांडी घालून, समोर पाटावर पोथी ठेवून पारायण करणाऱ्या वृद्धाला वर्तमानपत्राच्या अंतराचा चष्मा दिला, तर अक्षर दिसण्यासाठी त्याला अध्यायभर कंबरेतून वाकावे लागेल, आणि तो दोष चष्म्याला न देता आपल्या पाठीला देईल. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हाताने करून दाखवायला सांगतो: शिलाईयंत्रावर कसे बसता, तांदूळ कसे निवडता, पऱ्हाटीवरचे बोंड कुठून वेचता? ते हात हवेत जिथे थांबतात, तिथून डोळ्यापर्यंत मी टेप धरतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात ही चौकशी विशेष अगत्याची आहे, कारण येथील दृष्टीचे काम बव्हंशी चालत्या पायांचे आहे. कापूस वेचणारी बाई सरींमधून ढेकळांवर पाय टाकीत जाते. तिला द्विभिंगी चष्मा, म्हणजे वर लांबचा व खाली जवळचा नंबर असलेली काच, तपासणीशिवाय गळ्यात मारली, तर खाली पाहताना तिची नजर नेमकी जवळच्या तुकड्यातून जाते, आणि पायाखालची जमीन अंधूक व वर उचललेली दिसते. १९५९ साली फ्रान्समध्ये बाजारात आलेल्या, रेषा नसलेल्या प्रोग्रेसिव्ह काचेत तर वरून खाली शक्ती हळूहळू वाढत जाते आणि दोन्ही बाजूंना अंधूकपणा अपरिहार्यपणे राहतो. वकील, अध्यापक किंवा दुकानदार यांना ती वरदानासारखी वाटते, पण विहिरीच्या पायऱ्या उतरणाऱ्याला ती सुरुवातीच्या दिवसांत धोक्याची ठरू शकते. अशा माणसांना लांबचा एक आणि जवळचा एक असे दोन स्वतंत्र साधे चष्मे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि द्विभिंगी द्यायचाच असेल, तर त्याच्या खालच्या तुकड्याची वरची कड साधारणपणे खालच्या पापणीच्या कडेशी यावी; ही उंची माणूस ताठ उभा असताना मोजायची असते, दुकानाच्या काउंटरवर मान वाकवून बसलेला असताना नव्हे.

हवामानाचाही विचार हवा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांना भिडतो. मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला चष्मा त्याहून कितीतरी अधिक तापतो, आणि काचेवरील प्रतिबिंबरोधक लेपाला बारीक भेगांचे जाळे पडते. घामाच्या क्षाराने स्वस्त धातूच्या फ्रेमवर हिरवट थर चढतो, आणि ज्यांना निकेल सोसत नाही त्यांच्या कानामागे चट्टे उठतात. त्यांनी चांगल्या प्रतीची प्लॅस्टिकची किंवा टायटॅनियमची फ्रेम घ्यावी. काचेच्या भिंगापेक्षा प्लॅस्टिकचे भिंग सुमारे निम्म्या वजनाचे असते, पण त्यावर ओरखडे लवकर पडतात, आणि धूळ बसलेले भिंग कोरड्या पदराने किंवा दुपट्ट्याने पुसणे म्हणजे त्यावर वाळू घासणेच होय. आधी पाण्याने धुवावे, मग मऊ सुती कापडाने टिपावे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यातील शेतकरी आणि शेतमजूर प्राणाला मुकले, ही जखम अद्याप ताजी आहे. रोजचा चष्मा औषधाच्या तुषारांपासून डोळ्यांचे रक्षण करीत नाही; तुषार त्याच्या चारही बाजूंनी आत येतात. फवारणीच्या वेळी चष्म्यावरून बसेल असा रुंद, बंदिस्त संरक्षक गॉगल लावणे अनिवार्य आहे.

‘सवय होईल’ हे आश्वासन नेहमीच खोटे असते, असे मात्र मी म्हणणार नाही. सिलिंडरचा नंबर प्रथमच लागला, किंवा त्याची दिशा बदलली, तर सरळ दारे तिरपी आणि ताटे लंबवर्तुळाकार दिसतात, आणि मेंदू हा नवा हिशेब काही दिवसांत जुळवून घेतो. पण या सवलतीलाही मुदत असली पाहिजे. दोन आठवडे नियमाने वापरूनही त्रास उणावत नसेल, तर दुकानदाराने तो चष्मा यंत्रावर चढवून नंबर, दिशा व मध्य यांचा ताळा चिठ्ठीशी पाडावा, नंतर चेहऱ्यावरची बैठक तपासावी, आणि तरीही उलगडा झाला नाही तर डोळ्यांची फेरतपासणी करवावी. मधुमेह्याच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे: रक्तातील साखर चढउतार करीत असताना नंबरही चढउतार करतो, म्हणून साखर स्थिर होईपर्यंत नवा चष्मा करूच नये. आणि दृष्टी एकाएकी मंदावली, दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली किंवा डोळा दुखू लागला, तर चष्म्याचे दुकान नव्हे, नेत्रतज्ज्ञ गाठावा.

रस्त्याच्या कडेला, आठवडी बाजारात ताडपत्रीवर मिळणाऱ्या तयार चाळिशीची मी सरसकट निंदा करीत नाही. ज्याचे दोन्ही डोळे सारखे आहेत, सिलिंडर नाही आणि नंबर लहान आहे, त्याला ती कामचलाऊ सेवा देते. किंबहुना जवळच्या चष्म्याचे मोल किती मोठे आहे, हे आसामच्या चहामळ्यांतील एका प्रयोगाने सिद्ध केले आहे: चाळीस व त्याहून अधिक वयाच्या ७५१ मजुरांतील काहींना जवळच्या कामाचा साधा चष्मा दिला असता, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ साली प्रसिद्ध झालेले ते निष्कर्ष वाचताना पऱ्हाटीतून बोंडे वेचणारे आमच्याकडचे हात माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि अंधूक डोळा किलो कमी करतो. परंतु तयार चष्म्याला दोन डोळ्यांतील फरक ठाऊक नसतो, पीडी ठाऊक नसते आणि अंतरही ठाऊक नसते. म्हणून अशा चष्म्याने त्रास होणाऱ्याने आपला डोळाच बिघडला असा ग्रह करून घेऊ नये.

सर्वांत अधिक काळजी मुलांची. लहान मुलाच्या नाकाचा पूल सपाट असतो, त्याला मोठ्यांच्या फ्रेमची लहान आवृत्ती शोभत नाही. त्याला पॅड रुंद, काडी कानामागे वळणारी किंवा मागून पट्टा असलेली, आणि काच पॉलिकार्बोनेटसारखी सहसा न फुटणारी हवी. ‘वाढत्या अंगाचे पोर आहे’ म्हणून एक माप मोठी फ्रेम घेण्याची काटकसर येथे घातक ठरते, कारण फ्रेम मोठी की मध्य चुकले, आणि फ्रेम घसरली की मूल काचेवरून पाहू लागले. सात-आठ वर्षांच्या आत ज्या डोळ्याला स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तो डोळा आळशी होतो, आणि मेंदूने एकदा सोडून दिलेली दृष्टी नंतर परत मिळवणे अतिशय दुष्कर होते. कोलामांच्या पोडावरून किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आश्रमशाळेत आलेल्या मुलाजवळ, चष्मा टोचतो हे गुरुजींना सांगण्याचे धैर्य बहुधा नसते. ते मूल चष्मा पेटीत ठेवते आणि मागच्या बाकावर निमूट बसते.

१९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाखाली शाळकरी मुलांची नेत्रतपासणी होते व त्यांना चष्मे विनामूल्य दिले जातात, ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात, शिबिरेही भरतात. हे काम थोर आहे, आणि त्यातील माणसे अपुऱ्या साधनांनिशी ते करीत असतात, याची मला जाणीव आहे. माझी विनंती एवढीच आहे की वाटपाच्या नोंदवहीत चष्मे किती दिले या आकड्याशेजारी, सहा महिन्यांनी त्यांतले किती प्रत्यक्ष वापरात आढळले, असा आणखी एक रकाना असावा. उमरखेड किंवा झरी-जामणीच्या माणसाने एका सैल काडीसाठी दिवसाची मजुरी बुडवून यवतमाळला येणे न्याय्य नाही. आपल्या १६ तालुक्यांतील चष्मे विकणाऱ्यांनी पाळीपाळीने शाळांवर व आरोग्य केंद्रांवर जाऊन, पट्टी, पेचकस आणि पॅडची एक डबी एवढ्या साहित्याने फ्रेम बसवून द्याव्यात. यासाठी नवा कायदा लागणार नाही आणि महाग यंत्रही लागणार नाही. ज्या चष्म्यासाठी तपासणी झाली, पैसा खर्च झाला आणि काच घासली गेली, तो केवळ दोन मिलिमीटरच्या चुकीमुळे पेटीत पडून राहू नये, इतकी आस्था आमच्या व्यवसायाने बाळगावी. आणि ग्राहकाने संकोच सोडून, त्रास होत असेल तर तो चष्मा हक्काने परत घेऊन यावे. नीट बसवलेला चष्मा मिळणे हा नंबराइतकाच त्याचा अधिकार आहे, आणि तो बसवून देणे हे चष्मा विकण्याइतकेच आमचे कर्तव्य आहे.